कॅसेटवरचा दुसरा आवाज

माझ्या भावाची पहिली कॅसेट आली तेव्हा घरात सगळ्यात जास्त आनंद मला व्हायला हवा होता, आणि झाला सगळ्यात कमी. हे मी इतक्या वर्षांनी सांगते आहे म्हणून कुणी समजूत काढायला नको. मला तेव्हा जळायला होत होतं, अगदी छातीत, तिखट फोडणीचा ठसका लागावा तसं.

आमचं गाव धुळ्यापासून एसटीनं अर्ध्या-पाऊण तासावर. घरची कपाशी, थोडी ज्वारी, दोन म्हशी. भाऊ माझ्याहून दीड वर्षांनी लहान. आम्हा दोघांचा एक खेळ होता, त्याला नाव नव्हतं. शेतातून येताना, फाट्यावर गाडीची वाट बघताना, कापूस वेचताना तो एक ओळ फेकायचा आणि मी तिला तिथल्या तिथे जोडीची ओळ परत करायची. चालीत म्हणायचं नाही, गायचं नाही, नुसतं बोलायचं, पण ठेक्यात. चार टाळ्या वाजतील तेवढ्यात उत्तर आलं नाही की हरलं. एकदा फाट्यावर धुरळ्यात बुडालेली गाडी आली, माणसं आत मावेनात. भाऊ म्हणाला,

"बस उनी, बस उनी, धूय उडाडत बस उनी."

मी म्हटलं,

"जागा नही, जागा नही, टपवर बसीसन सासू उनी."

फाट्यावरची माणसं हसली. कंडक्टरसुद्धा हसला. गाडीच्या टपावर बसून आलेली ती सासू पुढे आमच्या गावात बरीच वर्षं नांदली. कुणाची सासू आली की पोरं हीच ओळ म्हणायची. लग्नांमध्ये वऱ्हाडाला चिडवायची गाणी म्हणताना बायका मला पुढे बसवायच्या. माझी आत्या म्हणायची की या पोरीच्या जिभेला हाड तर नाहीच, पण लगामही नाही. मला ते कौतुक वाटायचं.

बारावी झाल्यावर मी घरी राहिले. भाऊ धुळ्याला कॉलेजात गेला आणि खोली घेऊन राहू लागला. त्याच्या खोलीत पिंपळनेरचा एक मुलगा होता. त्याच्या मोठ्या भावाची लग्नात वाजवायची बेंजो पार्टी होती, त्यामुळे याच्याकडे एक जुना कीबोर्ड होता, दोन पट्ट्या मेलेल्या. या मुलाचा मामा सुरतेला कापडाच्या मिलमध्ये. त्यानं तिकडून एक कॅसेट आणली. त्यात परदेशातले काळे पोरगे नुसते बोलत होते. सूर नाही, आलाप नाही, खाली ढोलासारखा ठेका आणि वर भांडल्यासारखं भराभर बोलणं. याला रॅप म्हणतात आणि या सगळ्या प्रकाराला हिप-हॉप म्हणतात, हे भावानं मला दिवाळीच्या सुट्टीत सांगितलं. टेपरेकॉर्डर ओट्यावर ठेवला होता, मी चकल्या तळत होते.

"अक्का, ऐक ना. हाई तं आपलंच शे!"

मी ऐकलं. इंग्रजीतलं मला एक अक्षर कळलं नाही, पण तो काय म्हणतोय ते कळलं. एक जण ओळ फेकत होता, दुसरा झेलत होता. आमच्या खेळाला सातासमुद्रापलीकडे नाव होतं आणि त्याच्या कॅसेटी निघत होत्या. चकली जळाली. त्या संध्याकाळी आम्ही दोघं खूप वेळ ओट्यावर बसून बोललो. त्यानं सांगितलं की ते दोघं अहिराणीतून अशी कॅसेट काढणार आहेत. कुठल्या कंपनीची नाही, आपली आपणच.

"आणि मी?" मी विचारलं.

"तुले एक गानामां लिसूत ना," तो म्हणाला. "सासूनं गानं तुन्हंच."

सासूचं गाणं माझंच. मी त्या एका वाक्यावर हिवाळा काढला.

संक्रांतीच्या आसपास तो मित्र आमच्याकडे राहायला आला. उंच, किडकिडीत, बोलताना शेवटचं अक्षर गिळणारा. दोघं गच्चीवर बसून तालीम करायचे. पत्र्याच्या डब्यावर भाऊ ठेका धरायचा, मित्र कीबोर्ड दाबायचा. ठेका त्यांनी कसा बनवला होता ते ऐकण्यासारखं आहे. दोन टेपरेकॉर्डर समोरासमोर ठेवून त्याच चार ठोक्यांची नक्कल पुन्हा पुन्हा करायची, तुकड्याला तुकडा जोडायचा, चुकलं की पहिल्यापासून. मित्र ते तासन् तास करायचा, जेवायला हाक मारली तरी उठायचा नाही. मी चहा घेऊन वर जायचे आणि जिन्यातच थांबायचे. भाऊ ओळ टाकायचा, मित्र उत्तर द्यायला तोंड उघडायचा, आणि त्याच्या आधी जिन्यातून माझं उत्तर जायचं. दोन-तीनदा असं झालं तेव्हा मित्र हसून म्हणाला, "अक्का, तुम्ही बसा वर, मी चहा करस." भाऊ हसला नाही. "ती मधी बोलनी का मन्हा ठेका चुकस," म्हणाला. लहानपणापासून माझ्या बोलण्यानं त्याचा ठेका कधी चुकला नव्हता.

जळगावला एका मंडप-लाऊडस्पीकरवाल्याच्या घरामागं खोली होती, तिथे बऱ्यापैकी मशीन आणि माइक होता. तिथे आठवडाभर रेकॉर्डिंग करायचं ठरलं. जेवताना भावानं वडिलांसमोर विषय काढला की अक्कालाही दोन दिवस नेतो, तिचं एक गाणं आहे. त्याचं बोलणं संपायच्या आधी आई म्हणाली, "लगीन ठराले उनं आनि पोर कॅसेटमां बोली? लोके काय म्हनतीन?" वडिलांनी भाकरी मोडता मोडता एवढंच म्हटलं, "जयगावले जावानं तिनं नाव काढू नको." भावानं मान हलवली आणि डाळ वाढून घेतली. मला वाटलं होतं, तो थोडा तरी भांडेल.

सकाळी ते मोटरसायकलवर निघाले. खोलीत आवाज घुमतो म्हणून भिंतींना टांगायला गोधड्या लागणार होत्या. आईनं आनंदानं चार काढून दिल्या. त्यात एक माझी होती, मी पांघरायची ती, लाल काठांची. मित्रानं ती आपल्या पाठीमागे सुतळीनं करकचून बांधली. मला न्यायला घरात सगळ्यांची ना होती, माझ्या गोधडीला नव्हती. धूळ खाली बसेपर्यंत मी दारात उभी होते आणि मग आत येऊन उडदाचे पापड लाटायला बसले. इतके पातळ लाटले की उचलताना फाटायला लागले. आईनं माझ्या हातातून लाटणं काढून घेतलं.

तो आठवडा मी मनातल्या मनात जळगावच्या त्या खोलीत होते. आता ठेका सुरू झाला असेल, आता भावानं ओळ म्हटली असेल, आता तो गिळक्या तोंडाचा उत्तर देत असेल. मी मनापासून इच्छा करत होते की त्याला ते जमू नये. भावाचं वाईट व्हावं असं कधी वाटलं नाही. त्या दुसऱ्या आवाजाचं व्हावं असं मात्र वाटलं.

कॅसेट आली ती कागदाच्या खोक्यात. वरचं कव्हर झेरॉक्सचं, काळंपांढरं. दोघं गॉगल लावून मोटरसायकलला टेकलेले, वर लिहिलेलं 'बस उनी', खाली बारीक अक्षरांत 'खान्देशी रॅप'. अंगणात खाटा टाकून सगळी गल्ली ऐकायला बसली. मी दाराच्या आत चौकटीला पाठ लावून उभी राहिले.

आणि कॅसेट चांगली होती. हेच सगळ्यात वाईट. फालतू असती तर मी भावाला जवळ घेतलं असतं, त्याची समजूत घातली असती, दोन दिवस भरीत-भाकरी करून खाऊ घातलं असतं. पण भावाचा आवाज असा आला की जणू तो आपल्या खांद्यावर हात ठेवून बोलतोय. गिरणीच्या रांगेवर एक गाणं होतं, लाइट जाण्यावर एक, सुरतेला गेलेल्या पोरांवर एक. ते लागलं तेव्हा शेजारच्या काकूंनी पदर तोंडाला लावला, त्यांचा मुलगा तिकडे होता. आणि तो मित्र! शेवटचं अक्षर गिळायची त्याची खोड इथे कामाला आली होती. तो शब्द अर्धा सोडायचा आणि ऐकणारा माणूस आपोआप तो पुरा करायचा. अंगणातली पोरं दुसऱ्याच गाण्यापासून त्याच्याबरोबर बोलायला लागली.

शेवटी सासूचं गाणं आलं. माझ्या जागी मित्र बाईच्या आवाजात बोलला होता, नाकातून, कुरकुरत. "जागा नही, जागा नही..." अंगण हसून हसून लोळलं. वडील, जे सहसा हसत नाहीत, ते डोळे पुसत होते. आई म्हणाली, "काय बाईसारखा बोलस पोरगा!" मी आत जाऊन घागरीतलं पाणी प्यायले. परत तहान लागली, परत प्यायले.

मग ती कॅसेट पसरली. दुकानात विकत घेतलेल्या किती आणि नकला केलेल्या किती, याचा कुणालाच पत्ता नव्हता. धुळ्याच्या स्टँडबाहेरच्या काळ्या-पिवळ्या जीपवाल्यांकडे ती होती. वरातीत वाजायची. भडगावहून आमचे मावसे आले, त्यांनी सांगितलं की तिकडे गिरणा नदीच्या काठी म्हशी धुणारी पोरंसुद्धा हे बोलतात. प्रत्येक पाहुणा भावाची पाठ थोपटायचा आणि मला म्हणायचा, "भाग्यवान शे तू, असा भाऊ भेटना." मी चहाचे कप उचलायचे.

त्या उन्हाळ्यात मला पाहायला जळगावजवळच्या असोद्याचे लोक आले. केळीवाले, माणसं सज्जन. मी खाली बघून बसले होते. स्वयंपाक येतो का, शिवण येतं का, बारावीला विषय कोणते, असं सगळं मुलाच्या काकांनी विचारलं. मुलाला कुणीतरी म्हटलं, अरे, तुला काही विचारायचं तर विचार. तो घसा साफ करून माझ्या वडिलांना म्हणाला, "कॅसेटवाले तुमचेच चिरंजीव का?"

लग्न ठरलं. मी नंतर नवऱ्याला पुष्कळ वेळा ऐकवलं की तुम्ही माझ्या भावाला पसंत केलंत. तो म्हणतो, तसं नाही. मी म्हणते, तसंच.

वऱ्हाड लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारीच आलं. संध्याकाळी हळद. असोद्याच्या पाहुण्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं की कॅसेट नको, आम्हाला ते दोघं समोर पाहिजेत. मांडवात दोन माइक उभे केले. मी पाटावर बसलेली, तोंडाला, हातांना हळद, हलायची सोय नाही. समोर माझा भाऊ आणि त्याचा मित्र. माझ्या लग्नात माझ्याकडे पाठ करून सगळी माणसं त्यांच्याकडे बघत बसली होती.

तीन गाणी झाली. मित्र दोन दिवस मांडवाच्या कामात ओरडत होता, त्याचा घसा बसत चालल्याचं मला ऐकू येत होतं. चौथं गाणं नवं होतं, खास लग्नासाठी रचलेलं. भाऊ म्हणाला,

"नवरदेव उना, नवरदेव उना, फटफटीवर नवरदेव उना."

मित्रानं तोंड उघडलं. नुसती हवा आली. त्यानं परत प्रयत्न केला, मानेच्या शिरा फुगल्या, आवाज नाही. ठेका तसाच चालू होता. भावानं तीच ओळ परत म्हटली, त्याच्याकडे बघत. माणसं थांबली. मला माझा विचार करायला वेळच मिळाला नाही.

"पेट्रोल सरनं, पेट्रोल सरनं, ढकलत ढकलत सासरा उना!"

माइक नव्हता, पण मांडवभर गेलं. आधी असोद्याच्या बायका हसत सुटल्या. माझे होणारे सासरे टाळी देत उठले आणि मोटरसायकल ढकलल्याची नक्कल करत मांडवात एक फेरी मारून आले. भाऊ वळला. त्याच्या डोळ्यांत भीती होती की हसू, मला कळलं नाही, पण त्यानं पुढची ओळ माझ्याकडेच फेकली. मी दिली. त्यानं आणखी एक टाकली. मी दिली. हळद सुकून गाल ताणत होते आणि मी बोलत होते. आई एकदा पुढे आली, "आते बस व!" म्हणत मला थांबवू लागली, तर माझ्या होणाऱ्या सासूबाईंनी तिचा हात धरून तिला खाली बसवलं.

या सगळ्यात माझी नजर त्या मित्राकडे गेली. तो माइक हातात धरून बाजूला सरकला होता आणि ओठ हलवत होता, आवाजाशिवाय. माझ्याकडे कसा बघत होता ते मी दुसऱ्या कुणापेक्षा चांगलं ओळखलं. मीही वर्षभर त्याच्याकडे तशीच बघत आले होते. मला दया आली असं लिहायला बरं वाटेल. पण त्या वेळी मला फक्त गोड वाटलं, पुरणपोळीसारखं गोड.

लग्न होऊन असोद्याला आले. तिथली बोली वेगळी. मी 'शे' म्हटलं की नणंदा हसायच्या, त्या 'आहे' कसं म्हणतात ते ऐकून मला हसू यायचं. बोलणं शिकता शिकता दीड वर्ष गेलं. मग एक दिवस भाऊ मोटरसायकलवर आला. दुसरी कॅसेट काढतोय, म्हणाला. या वेळी एक गाणं माझं. तो हे सासूबाईंसमोर बोलला, मुद्दामच.

सासूबाई केळीची पानं पुसत होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊ बलाऊ राह्यला त जाय वं. मीबी येते, मले मशीन पाह्यचं आहे."

आम्ही दोघी असोद्याच्या गाडीनं जळगावला गेलो. तीच मंडपवाल्याची खोली. भिंतींवर गोधड्या, आता दुसऱ्या कुणाच्या. मी माइकसमोर उभी राहिले. मनात म्हटलं, घ्या, आता ऐका.

भावानं ओळ टाकली. माझं उत्तर तयार होतं. मी बोलले, आणि मंडपवाल्यानं ते वाजवून दाखवलं. ती मी नव्हते. शाळेत प्रार्थनेनंतर सुविचार वाचणारी एखादी मुलगी होती. परत केलं. परत तसंच. समोर कुणी हसत नव्हतं, फाटा नव्हता, वऱ्हाड नव्हतं, माइकच्या त्या काळ्या जाळीशी बोलायचं होतं. चहा झाला, परत केलं. माझा 'प' फटाक्यासारखा फुटत होता, श्वास मोटेसारखा ऐकू येत होता. भाऊ चिडला. "अक्का, तू घर बोलस तशी बोल ना!" मी म्हटलं, "मंग घर चाल!"

तेव्हा मित्र उठला. लग्नानंतर तो माझ्याशी जपूनच बोलायचा. त्यानं माइक माझ्या तोंडासमोरून थोडा बाजूला केला. म्हणाला, समोर बोलू नका, कडेनं बोला. श्वास ओळीच्या आधी घ्या, मान वळवून. आणि तुमच्या भावाकडे नका बघू, तो ऐकतच नाही, तो पुढच्या ओळीचा विचार करत असतो. माझ्याकडे बघून बोला. तो स्टुलावर माझ्यासमोर बसला आणि मी बोलत असताना ओठांनी, आवाज न करता, प्रत्येक शब्द माझ्याबरोबर बोलत राहिला. माझी ओळ संपते कुठे आणि उरलेला शब्द सोडायचा कुठे, ते त्याच्या ओठांवर दिसत होतं. मला तिथेच उभ्या उभ्या कळलं की पहिल्या कॅसेटवर त्यानं माझी जागा नुसती घेतली नव्हती. त्यानं ती तयार केली होती, ते ठोके एकाला एक जोडत, तासन् तास. कळलं म्हणून जळणं थांबलं नाही. उलट वाढलं. आधी मला वाटायचं, मला संधी मिळाली असती तर. आता तेही म्हणता येईना.

गाणं झालं एकदाचं. बरं झालं. बरंच म्हणेन, जास्त नाही. सासूबाईंना आवडलं. पण त्यांना मशीनच्या हिरव्या-लाल दिव्यांचं जास्त कौतुक वाटलं, त्या गाडीत असोद्यापर्यंत त्याच्याबद्दलच बोलत होत्या.

दुसरी कॅसेट फार चालली नाही. तोवर वरातींमध्ये डीजे यायला लागला होता आणि दुकानात अशा बोलक्या कॅसेटी आणखी कुणाकुणाच्या आल्या होत्या. तिसरी निघालीच नाही. भावानं धुळ्याला ठिबकच्या नळ्यांचं दुकान टाकलं, गिऱ्हाइकाशी अजून ठेक्यात बोलतो. मित्र मामाकडे सुरतेला गेला. तिथे तो आवाजाचं काम शिकला, मोठ्या स्टुडिओत लागला, असं भाऊ सांगतो. सांगताना भावाचा चेहरा जरासा आंबट होतो.

माझ्याकडे दोन्ही कॅसेटी आहेत. दुसरी मी घरी कुणी नसताना एकदा लावली होती, माझं गाणं येईपर्यंत ऐकली आणि बंद केली. पहिली मात्र वाजवून वाजवून तिची फीत ताणली गेली आहे. त्यात तो किडकिडीत पोरगा नाकातून बाई होऊन बोलतो, शेवटचा शब्द अर्धा सोडतो, आणि नवरा, सासूबाई, नणंदा, सगळे तो एकदम पुरा करतात. मीही करते. केळीच्या बागेतून येताना, भांडी घासताना, कधीही. आणि दर वेळी वाटतं, हे असं मला यायला हवं होतं.